सातवं फळ कोणाचं? भांडखोर शेजाऱ्यांची गोष्ट लहान मुलांना सांगताना

शेजारशेजारच्या दोन मुलांचं भांडण मिटवायला मोठी माणसं बहुधा दोनच हत्यारं बाहेर काढतात. एक, ‘सॉरी म्हण आधी’. दुसरं, ‘शहाणं बाळ ना तू, मग दे बरं त्याला’. गोष्ट सांगायला बसलं तरी गाडी त्याच रुळावर जाते. दोन शेजारी भांडतात, नुकसान होतं, कुणीतरी वडीलधारं येऊन समजावतं, दोघे एकमेकांच्या गळ्यात पडतात, संपलं. चार वर्षांचं मूल ही गोष्ट कान टवकारून ऐकतं, ‘भांडू नये’ हे तात्पर्यही घडाघडा म्हणून दाखवतं, आणि पाचव्या मिनिटाला चेंडू पोटाशी धरून ‘माझाय!’ म्हणून किंचाळतं.

यात मुलाचा लबाडपणा काही नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३ ते ८ वर्षांच्या मुलांना स्टिकर वाटायला दिले होते. सारखे वाटायला हवेत, हे अगदी लहानांनाही माहीत होतं. प्रत्यक्षात मात्र ती स्वतःकडे जास्त ठेवत होती, आणि आपण तसंच करणार हे आधीच प्रामाणिकपणे सांगतही होती. सात-आठ वर्षांच्या मुलांचं बोलणं आणि वागणं बरंच जुळत होतं. म्हणजे चार-पाच वर्षांच्या मुलाला नियम पाठ असतो, त्याचा पुन्हा पाठ घेऊन हाती काही लागत नाही. आपल्या गोष्टींमधून मधला भाग गाळलेला असतो: ते दोघे एकत्र आले ते कशामुळे, आणि आल्यावर वस्तूची वाटणी नेमकी कशी केली.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. एकट्याने होणारच नाही असं एखादं काम गोष्टीत हवं.

जर्मनीतल्या लायप्झिगच्या संशोधकांनी २०११ मध्ये हे फार नेटकं दाखवलं. दोन चिमुरड्यांसमोर एक फळी, तिच्यावर चार छोटी बक्षिसं. दोघांनी मिळून दोर ओढले तरच फळी जवळ यायची. ती आली की बक्षिसं घरंगळून एकाकडे तीन आणि दुसऱ्याकडे एक अशी जायची. तीन वर्षांची मुलं अशा वेळी बऱ्याचदा आपल्या तीनातलं एक जोडीदाराला देऊन टाकत. तीच बक्षिसं काही न करता आयती समोर आली, तर देण्याचं प्रमाण घसरायचं. कुणी उपदेश केला नव्हता; दोर मात्र दोघांनी ओढला होता.

म्हणून गोष्ट रचताना आधी काम शोधा, पात्रं नंतर. शिडी (एक चढतो, एक धरतो) चालते, पण गोष्ट संपली की मुलं शिडीच शोधायला निघतात, तेव्हा ती नकोच. विहिरीचंही तेच. सीसॉ चांगला, पण त्यातून वाटून घ्यायला काही निपजत नाही. सगळ्यांत सोयीची वस्तू म्हणजे चादर. एकट्या माणसाला चादर ताणून धरता येत नाही, हे मुलाने घड्या घालताना पाहिलेलं असतं, त्यामुळे समजावून सांगावं लागत नाही. शिवाय तीच चादर गोष्टीनंतर खेळायलाही काढता येते.

तर गोष्ट अशी.

एक होतं झाड. झाडाच्या या बाजूला टुणटुणे आजोबांचं घर. त्या बाजूला भुणभुणे आजींचं घर. मधे कुंपण, आणि कुंपणात बरोब्बर मधोमध ते झाड. झाड कुणाचं? आजोबा म्हणायचे, ‘माझं!’ आजी म्हणायच्या, ‘मुळ्ळीच नाही, माझं!’

झाड होतं उंचच्या उंच. वारा आला की फळं पडायची. सूंऽऽ सूंऽऽ वारा... टप्! आणि खाली येऊन... पच्च! फळाचा झाला लगदा.

आजोबा म्हणाले, थांबा, मी झेलतो. त्यांनी आणली टोपली. वारा आला सूंऽऽ. आजोबा धावले इकडे, फळ पडलं तिकडे. आजोबा धावले तिकडे, फळ पडलं इकडे. पच्च! पच्च! कुंपणापलीकडून आजी हसल्या, खी खी खी.

आजी म्हणाल्या, थांबा, मी दाखवते कसं झेलायचं ते. त्यांनी आणली चादर. दोन टोकं धरली दोन हातांत. उरलेली दोन? ती लोळली मातीत. वारा आला सूंऽऽ. फळ पडलं चादरीवर, चादरीवरून घसरलं, घरंगळलं, दगडावर आपटलं... पच्च! आजोबा हसले, खॉ खॉ खॉ.

आता झाडावर फळं उरली सातच. आणि वारा आला मोठ्ठा. सूंऽऽऽऽ!

‘अहो टुणटुणे,’ आजी ओरडल्या, ‘धरा की तिकडची टोकं!’

‘मी? मी का म्हणून?’

‘अहो, पडतंय! पडतंय ना!’

आजोबांनी धरली टोकं. इकडे आजी, तिकडे आजोबा, मधे चादर. टप्... आणि... (इथे थांबा. मुलांचं तोंड ‘पच्च’ म्हणायला उघडलेलं असतं.) ...धप्प! फळ अख्खं! एक. धप्प. दोन. धप्प, धप्प, धप्प. सातच्या सात.

चादर ठेवली खाली, आणि दोघे बसले वाटायला. ‘एक तुम्हाला, एक मला. एक तुम्हाला, एक मला. एक तुम्हाला, एक मला.’ आजोबांकडे झाली तीन. आजींकडे झाली तीन. आणि चादरीवर उरलं एक. आजोबांचा हात पुढे आला. आजींचाही हात पुढे आला. दोन्ही हात त्याच फळावर!

आता?

गोष्ट इथे थांबते. ‘आता?’ म्हटल्यावर सांगणाऱ्याने गप्प बसायचं, आणि हेच सगळ्यांत अवघड जातं. किमान दहा सेकंद तरी बोलू नका.

आता यात काय ठेवलंय, काय टाळलंय आणि का, ते सांगते.

दोघेही एकेकदाच फसतात, एकेकदाच हसतात. हा हिशेब मुद्दाम चोख ठेवलाय. आजोबा दोनदा फजीत झाले आणि आजी एकदाही नाही, तर मुलाच्या लेखी आजोबा वाईट आणि आजी चांगल्या. मग ती ‘वाईट माणूस सुधारला’ अशा जातीची गोष्ट होते, आणि खऱ्या भांडणात प्रत्येक मूल स्वतःला आजीच समजतं! चूक कुणाची हे ठरवता येऊ नये, इतकं माप सारखं हवं. सांगण्याच्या ओघात एकाला जरा जास्त खवचट आवाज दिला तरी तोल जातो, हे ध्यानात असू द्या.

माफी कुठेच नाही. आजी ‘मला माफ करा’ म्हणत नाहीत, ‘टोकं धरा’ म्हणतात. माफीवर बेतलेल्या गोष्टीतून मुलांच्या हाती एक मंत्र लागतो. सॉरी म्हटलं की मोठी माणसं गप्प बसतात, एवढंच त्यांना कळतं. मदत मागण्याचं वाक्य मात्र पुढे उपयोगी पडतं. ‘जरा हे धर ना’ हे वाक्य गोष्टीत दोन-तीनदा आलं तरी चालेल.

तिसरं माणूस येऊन न्याय करत नाही. गावचा शहाणा, देवदूत, आई, शिक्षक, कुणीही नको. तो आला की मूल शिकतं की भांडण झालं की कुणालातरी बोलवायचं. (ते त्याला आधीच छान येतं.)

नुकसान लहान आहे आणि हसू येण्याजोगं आहे. पूर, आग, घर पडणं असलं संकट आणलं की चार वर्षांच्या मुलाचं लक्ष भीतीकडे जातं आणि वाटणी वगैरे राहते बाजूला. शिक्षेचंही तसंच. २०१४ साली कॅनडातल्या एका अभ्यासात ३ ते ७ वर्षांच्या मुलांना खरेपणावरच्या गोष्टी ऐकवल्या होत्या. खोटं बोलल्याची शिक्षा मिळते अशा गोष्टींनी मुलांच्या वागण्यात फरक पडला नाही. खरं बोलल्याचं कौतुक होतं अशा गोष्टीने पडला. तो विषय वाटणीचा नव्हता, तरी आपल्या कामाचा धडा त्यात आहे. लगद्यापेक्षा अख्ख्या फळावर जास्त वेळ रेंगाळा. सात ‘धप्प’ एकेक करून मोजा, घाई करू नका.

आणि कुंपण पडत नाही. पुष्कळांना शेवटी कुंपण पाडून ‘दोन घरांचं एक घर’ करण्याचा मोह होतो. मोठ्यांना ते गोड वाटतं. लहानाला त्यात धोका दिसतो: आज कुंपण गेलं, उद्या माझी खोली, परवा माझी बाहुली. ज्याला आपलं काही तरी आपलंच राहणार याची खात्री असते, ते मूल द्यायला सहज तयार होतं. सातव्या फळाचं मुलांनी ठरवलं की आजी-आजोबा आपापली फळं घेऊन आपापल्या घरी जातात, दारं लावतात. तेवढं पुरे.

पात्रं ससा-कासव नसून माणसं का? २०१७ मध्ये टोरोंटोच्या संशोधकांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची एकच गोष्ट दोन प्रकारे वाचून दाखवली, एकीकडे चित्रांत माणसं, दुसरीकडे कपडे घातलेले प्राणी. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी नंतर जास्त स्टिकर वाटले. प्राण्यांच्या गोष्टीने ते वाढले नाहीत. म्हणून प्राण्यांच्या गोष्टी माळ्यावर टाकायचं कारण नाही, त्यांची मजा वेगळी आहे. पण वागणं उचललं जावं असा हेतू असेल तर माणसं बरी. आणि म्हातारी माणसं सगळ्यांत बरी, कारण मोठ्यांनी पोरांसारखं भांडावं यात मुलांना भलताच आनंद होतो, आणि शहाणपणाची जागा आपोआप मुलांकडे येते.

सांगायला सहा-सात मिनिटं लागतात. त्याहून ताणली तर चार वर्षांचं मूल चादरीखाली शिरतं. तीन वर्षांच्या मुलासाठी टोपलीचा प्रसंग आणि चादरीचा प्रसंग अर्धा अर्धा करा, पण ‘सूंऽऽ’ आणि ‘पच्च’ सोडू नका. त्या वयात मुलं त्या दोन आवाजांसाठीच बसलेली असतात.

बाहुल्यांनी करायची तर सामान घरातलंच: दोन मोजे, दोन बुटांचे खोके (घरं), साधारण ३० सेंमीचा चौकोनी रुमाल (चादर), दोन पेन्सिली, आणि मुठीत मावतील अशी सात फळं. फळं नुसत्या कागदाच्या बोळ्यांची केली तर फार हलकी होतात, रुमालावर पडून उडून जातात. जुन्या मोज्याचे तुकडे घट्ट गुंडाळून त्यावर रबर लावलं की वजन बरोबर येतं. मोज्याच्या बाहुलीला रुमालाची दोन टोकं एकदम धरता येत नाहीत, आणि ऐन गोष्टीत नेमकं इथेच घोडं अडतं. यावर उपाय म्हणजे रुमालाच्या समोरासमोरच्या दोन कडा एकेका पेन्सिलीवर गुंडाळून चार टाके घालायचे. बाहुली पेन्सिल मधोमध तोंडात धरते, कड आपोआप ताठ राहते. एकट्या आजींनी धरलं की दुसरी पेन्सिल खाली लोंबते आणि फळ खरोखर घसरतं. दोघांनी धरल्यावर रुमाल तबल्यासारखा ताणू नका, फळ उसळून बाहेर पडेल. मधे तीन-चार बोटं झोळ राहू द्या. फळ वीतभर उंचीवरून सोडायचं, त्याहून वर गेलं की नेम चुकतो. आणि ते सोडायचं काम मुलाचंच, कारण तुमचे दोन्ही हात आजी-आजोबांत अडकलेले असतात.

गोष्टीपाठोपाठ, निदान त्याच दिवशी, खरी चादर काढा. शेजारची दोनच मुलं असतील तर चादर मोठी पडते. अंग पुसायचा पंचा किंवा टॉवेल घ्या. चार ते सहा मुलं असतील तर एकेरी पलंगाची चादर. चेंडू मऊ आणि हलका.

आधी चेंडूशिवाय. समोरासमोर बसून कडा धरायच्या, ‘वर’ म्हटलं की वर, ‘खाली’ म्हटलं की खाली. हे जमेपर्यंत चेंडू दाखवायचासुद्धा नाही. मग चेंडू मधे ठेवून बसल्या बसल्या हलकेच हलवायचा. मग उभं राहून. मग या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत न्यायचा. तीन वर्षांच्यांना पाच मिनिटं खूप झाली.

बिघडतं ते ठरलेल्या ठिकाणी. एक मूल उंच असेल तर चेंडू सतत बुटक्याकडे घरंगळतो, आणि बुटक्यावर आळ येतो. ‘तू हात खाली घेतलास तर?’ एवढंच उंच मुलाला विचारा. हात खाली येतात, चेंडू मधे येतो, आणि दुसऱ्यासाठी थोडं वाकायचं म्हणजे काय ते मुलाला खांद्यातून कळतं. दुसरं बिघडणं म्हणजे पुढचं मूल धावत सुटतं आणि मागच्याच्या हातून कड निसटते. त्यावर दोघांनी आडवं, खेकड्यासारखं चालायचं, म्हणजे कुणी पुढे नाही आणि कुणी मागे नाही. तिसरं, ‘तुझ्यामुळे पडला!’ हे येणारच. त्यावर वाद न घालता मोजणी बदला. किती वेळा पडला हे मोजायचं नाही. ‘आपली किती पावलं झाली?’ हे मोठ्याने मोजायचं. मागच्या वेळी सहा, आता नऊ.

एक चूक मात्र कटाक्षाने टाळा: दोन घरांच्या मुलांचे दोन संघ करून शर्यत लावणं. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमात मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ यांनी अकरा-बारा वर्षांच्या मुलग्यांच्या शिबिरात दोन गट पाडून स्पर्धा लावल्या, आणि बघता बघता झेंडे जाळण्यापर्यंत मजल गेली. नंतर दोन्ही गटांना नुसतं एकत्र जेवायला बसवलं, तर भांडण मिटायचं सोडून जेवणच एकमेकांवर फेकलं गेलं. वितुष्ट ओसरायला लागलं ते पाण्याचा पुरवठा तुंबला आणि गाडी बंद पडली तेव्हा, कारण दोन्ही कामं सगळ्यांनी मिळूनच होणारी होती. या प्रयोगावर टीकाही पुष्कळ झाली, आणि रास्त झाली. मुलांना आपण प्रयोगात आहोत हे माहीत नव्हतं, आणि मोठ्यांनी आगीत तेलही ओतलं होतं. त्याआधी १९५३ मध्ये असाच घाट घातला होता, तेव्हा मुलं एकमेकांवर उलटलीच नाहीत आणि तो प्रयोग गुंडाळावा लागला. मोठ्या मुलांचे निष्कर्ष चार वर्षांच्यांना सरळ चिकटवू नयेत हे खरं, पण नुसतं शेजारी बसवून काही होत नाही, एवढं घ्यायला हरकत नाही.

आता खेळण्यांचं. इथे आपल्या भाषेची एक अडचण आहे. फळं ‘वाटून’ घेता येतात, सायकल कशी वाटणार? ‘शेअर कर’ या एकाच शब्दात आपण चार निरनिराळ्या गोष्टी कोंबतो आणि मूल गोंधळतं. वाटून घ्यायचं म्हणजे भाग करायचे, दिलेला भाग परत येत नाही. आळीपाळीने म्हणजे वस्तू परत येते, पण थांबावं लागतं. उसनं म्हणजे ती दुसऱ्याच्या घरी जाते आणि ठरल्या वेळी परत येते. मिळून म्हणजे दोघांनी एकदमच, जसे ठोकळे. यातलं नेमकं काय करायचंय तो शब्द उच्चारून सांगा. ‘सायकल आळीपाळीने’ म्हटल्यावर रडं कमी होतं, कारण ती जाणार नाही हे त्या शब्दातच आलं.

आळीपाळीला घड्याळातली मिनिटं लावू नका, मुलाला ती दिसत नाहीत. वाळूचं घड्याळ दिसतं, दोन-तीन मिनिटांचं. त्याहून चांगलं म्हणजे मोजणी: वीस झोके, किंवा अंगणाच्या तीन फेऱ्या, आणि मोजायचं काम थांबलेल्या मुलाचं. त्याला काम मिळालं की थांबणं निम्मं हलकं होतं. कधी ते तेरावरून थेट सतरावर उडी मारेल. मारू द्या, आपली पाळी आली की दुसराही तेच करणार आहे.

पाहुणं मूल येण्याआधी यजमान मुलाला विचारून दोन-तीन जिवाभावाच्या वस्तू कपाटात ठेवून द्या. ‘बाकीचं सगळं बाहेर’ हे मग ते स्वतः म्हणतं. दोन वर्षांच्यांबाबत तर सरळ एकसारख्या दोन वस्तू बाहेर काढाव्यात आणि उपदेश गिळावा. आणि हिसकावून देणं टाळा. हातातून काढून दुसऱ्याला दिलेली वस्तू मुलाच्या हिशेबी दिलेली नसते, गेलेली असते. ३ ते ५ वर्षांच्या मुलांवरच्या २०१३ च्या एका अमेरिकन अभ्यासात, ‘देऊ की स्वतःकडे ठेवू’ अशी खरीखुरी निवड ज्यांना मिळाली, त्यांनी पुढच्या वेळी जास्त दिलं. म्हणजे नाही म्हणायची मोकळीक आधी द्यावी लागते. ती दिल्यावर एखादं मूल खरंच नाही म्हणतं, आणि तेव्हा आपला चेहरा पडू न देणं हे मोठ्यांचं काम.

उरलं सातवं फळ. ‘आता?’ नंतर मुलं काय काय सुचवतात ते ऐकून घ्या आणि प्रत्येक सूचनेला एकच प्रश्न विचारा: ‘हे आजींना चालेल का? आणि आजोबांना?’ उत्तर बाहुलीने द्यायचं, तुम्ही नव्हे. अर्ध कापू या, हे बहुधा पहिलं येतं. मग कापणार कोण? थोड्या मोठ्या मुलांना ‘एकाने कापायचं, दुसऱ्याने आधी निवडायचं’ ही युक्ती करून दाखवा. कापणारं मूल सुरी कागदाची असली तरी काटेकोर होतं. कुणी म्हणेल पेरू या. कुणी म्हणेल, ज्याने फळं टाकली त्याला, म्हणजे मला. (सुचवणारं मूल हसतं का बघा. बहुतेक हसतं.) कुणी म्हणेल पक्ष्याला. ‘आजोबांना द्या, ते म्हातारे आहेत’ म्हटलं तर आजींनी ‘आणि मी काय तरुण आहे?’ असं जरूर म्हणावं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगताना फळं आठ करायचा मोह होईल. करू नका, चार-चार झाली की बोलायला काही उरत नाही. मूल सरावलं की फळं सातच ठेवून कुंपणाच्या कोपऱ्यावर तिसरा खोका मांडा आणि त्यात कुणालातरी राहायला आणा. दोन-दोन येतात, आणि एक उरतंच.